शास्त्राचे दप्तर

देहूरोडच्या माणसाला कोठार म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. लष्कराच्या डेपोंभोवती हे गाव वाढले, आणि ज्या घरातील कोणी ना कोणी डेपोत नोकरीस होते अशी घरे येथे अजूनही पुष्कळ आहेत. अशा एखाद्या जुन्या स्टोअरकीपरला विचारून पाहावे, की कोठारात सर्वांत जपून ठेवावयाची वस्तू कोणती? तो इंजिनाचे नाव घेणार नाही, की तोफेच्या सुट्या भागाचेही नाही. तो कप्प्यावरच्या कार्डाकडे बोट दाखवील. वस्तू कोणती, कोठून आली, किती आली, कोणी केव्हा नेली, शिल्लक काय, हे सारे त्या कार्डावर असते. कार्ड हरवले की वस्तू जागच्या जागी असूनही नसल्यात जमा. मग तिला भंगाराचा भाव.

शास्त्रज्ञांचेही असेच एक कोठार असते. त्यात लोखंड नसते, आकडे असतात. पाऊस किती पडला, तारा किती तेजस्वी दिसला, समुद्राचे पाणी किती तापले, रोग्याच्या रक्तात काय सापडले, अशा नोंदींचे ते कोठार. या नोंदींना हल्ली सर्वत्र 'डेटा' म्हणतात. आणि हा शब्द आता इतका घरगुती झाला आहे की घरातल्या पोराचा डेटा दुपारपर्यंतच संपतो! आमच्या विषयातील डेटा मात्र तो नव्हे. शास्त्रीय नोंदी कशा ठेवाव्या, त्यांस खुणा कशा कराव्या, आणि दूरच्या माणसाला, किंबहुना दूरच्या यंत्राला, त्या मागता कशा याव्या, या प्रश्नांची संगणकशास्त्रात एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली आहे. तिला आम्ही येथे शास्त्राचे दप्तर म्हणणार आहोत. शब्द जुना आहे, पण पुण्याच्या आसमंतात तो चटकन समजेल.

आरंभ पावसापासून करू. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आता हवामान खात्याची रीत अशी, की सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजावयाचे आणि मागील चोवीस तासांचा तो पाऊस त्या सकाळच्या तारखेस लिहावयाचा. त्यामुळे हा ९४४ चा आकडा दप्तरात २७ जुलै या तारखेसमोर पडतो. लोकांच्या आठवणीत सव्वीस, दप्तरात सत्तावीस, आणि खोटे कोणीच नाही. परंतु ज्याला साडेआठची अट ठाऊक नाही, असा एखादा विद्यार्थी एका वहीतून त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा घेईल, दुसऱ्या वहीतून पावसाचे आकडे घेईल, दोन्ही शेजारी मांडील, आणि त्याचे सारे गणित एका दिवसाने सरकेल. गणितात चूक नसताना उत्तर चुकेल, हीच यातली खोच आहे. शिवाय त्याच चोवीस तासांत कुलाब्यास पडलेला पाऊस अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास होता. तेव्हा नुसते 'मुंबईचा पाऊस' असे लिहून पुढे आकडा मांडला तर तो आकडा काहीच सांगत नाही. आकडा, ठिकाण, वेळ, मोजण्याचे साधन आणि मोजण्याची रीत ही सारी मिळून एक नोंद होते. यातला आकडा हा, खरे म्हटले तर, सर्वांत लहान भाग आहे.

मावळात राहणाऱ्यांना हे मुंबईपेक्षाही लवकर पटावे. लोणावळ्याचा पाऊस आणि पुण्याचा पाऊस यांत कित्येक पटींचा फरक असतो, आणि आपले गाव त्या दोहोंच्या मधल्या उतरणीवर बसले आहे. लोकलच्या दोन स्टेशनांत छत्री उघडावी की मिटावी असा प्रश्न पडतो, तेथे 'पुणे जिल्ह्याचा सरासरी पाऊस' या शब्दांना किती अर्थ द्यावयाचा हे ज्याने त्याने ठरवावे.

भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेही साल हेच. योगायोगच तो, पण आम्हास तो आवडतो. त्या खात्याच्या देशभरातील जुन्या नोंदींचे मध्यवर्ती दप्तर पुण्यात, शिवाजीनगरला आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९०१ ते २०१० अशा एकशेदहा वर्षांच्या दैनंदिन पावसाची एक मोठी मांडणी २०१४ साली प्रसिद्ध केली. देशभरातील ६९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी तिच्यात एकत्र केल्या आहेत. देशाच्या नकाशावर सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनाचा रोजचा पाऊस त्यांनी काढला. ही मांडणी पुढे चालू ठेवण्यात आली असून खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून ती कोणालाही उतरवून घेता येते. एकेका केंद्राचे मूळ आकडे हवे असतील तर मात्र रीतसर मागणी करावी लागते, आणि मागणारा कोण यावर शुल्क ठरते. या मांडणीतही कार्डाचा प्रश्न आहेच. ६९५५ मापके एकशेदहा वर्षे सलग चालू नव्हती. काही नंतर बसविली, काही बंद पडली, काहींच्या वह्यांत मधले महिने कोरे. म्हणून कोणत्या वर्षी कोणत्या चौकोनात प्रत्यक्ष मापक किती होते आणि अंदाजाने भरलेले किती, हे ज्याला कळत नाही त्याने 'पाऊस वाढला' अथवा 'घटला' असे छातीठोकपणे सांगू नये.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रयोगशाळेतील रसायनाचा प्रयोग बिघडला तर उद्या पुन्हा करता येतो. गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. फुटलेला तारा पुन्हा फुटत नाही. १९४३ च्या भाद्रपदात मावळच्या एखाद्या खेड्यात किती पाणी पडले याची वही वाळवीने खाल्ली असेल, तर जगातले सारे संगणक एकत्र आणूनही ते पान लिहिता येणार नाही. म्हणून ज्या शास्त्रांचा विषय काळाबरोबर वाहून जातो, त्या शास्त्रांत दप्तर हे कारकुनी काम नसून शास्त्राचाच गाभा आहे.

दप्तर जतन केले एवढ्याने तरी भागते काय? पुण्याचे पेशवे दप्तर याचे उत्तर देईल. हजारो रुमालांत बांधलेले कागद इंग्रजी अमलात सुरक्षित होते. पण इतिहास लिहू पाहणाऱ्यांना ते दीर्घकाळ जवळजवळ बंदच होते. राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करीत होता, आणि पुण्यातले सर्वांत मोठे दप्तर कुलपात होते. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाला नवा आधार मिळाला. कागद तेच, जागा तीच. बदलले ते इतकेच की कागद लावले गेले आणि दार उघडले.

आता आमच्या मुख्य उदाहरणाकडे येतो, आणि तेही आपल्या जिल्ह्यातलेच आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे, मीटरलहरींची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या; त्यांतील चौदा मध्यभागी, साधारण एका किलोमीटरच्या चौकोनात, आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा. २००२ पासून जगातील कोणत्याही देशाचा खगोलशास्त्रज्ञ अर्ज करून तिचा उपयोग करून घेऊ शकतो.

ही दुर्बीण आपण समजतो तशी चित्रे काढीत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी प्रत्येक थाळी टिपते आणि मग दोन-दोन थाळ्यांची जोडी लावून त्यांच्या लहरींची तुलना होते. तीस थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात. शाळेतल्या मुलानेही हा हिशेब करून पाहावा. या ४३५ जोड्यांच्या तुलनेचे आकडे दर काही सेकंदांनी लिहिले जातात आणि तासन् तास ते काम चालू असते. या आकड्यांच्या राशीतून पुढे गणिताने चित्र तयार करावयाचे. त्या राशीत आकाशाखेरीज दुसरेही बरेच काही असते. विजेच्या तारांतील ठिणग्या, मोबाइलचे मनोरे, उपग्रह यांचा गोंगाट त्यात मिसळतो. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत्भारित कण कमी कंप्रतेच्या लहरींना हलवितात, तापलेल्या डांबरी सडकेवरचे दृश्य थरथरावे तसे. हा सारा दोष आकड्यांतून निवडून काढणे हे निष्णाताचे काम आहे.

२०१० ते २०१२ या काळात याच दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर आकाशाची एक मोठी पाहणी केली. खोडदहून दिसू शकणारे जवळजवळ सारे आकाश तिने पालथे घातले. पाहणी करणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातील थोड्या भागाची चित्रे तयार करून प्रसिद्धही केली. बाकीचे मूळ आकडे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या दप्तरात राहिले. या दप्तराचा नियम असा, की ज्याने निरीक्षण मागितले त्याचा पहिला हक्क दीड वर्ष. त्यानंतर ते आकडे सर्वांस खुले. हा नियम आम्हास फार शहाणपणाचा वाटतो. कष्ट करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पहिले फळ मिळते, आणि तो आळसावला तर फळ झाडावर कुजत नाही.

पुढे काय झाले? हुइब इंटेमा या डच शास्त्रज्ञाने वातावरणामुळे लहरींत येणारी थरथर काढून टाकण्याची एक नवी रीत बसविली होती आणि ते काम माणसाच्या हाताऐवजी संगणकाकडून ओळीने करवून घेण्याची सोयही केली होती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या पाहणीचे मूळ आकडे घेतले, पहिल्यापासून पुन्हा दळले, आणि २०१६ साली आकाशाच्या नव्वद टक्के भागाची चित्रे जगापुढे ठेवली. त्यांत सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी आहे. थाळ्या खोडदच्या, वीज महाराष्ट्राची, निरीक्षणाची कल्पना आणि मेहनत आपल्या लोकांची, चाळणी दुसऱ्याची, आणि यादी सर्वांची.

कोणी म्हणेल, यात आपला काय फायदा? पीठ दुसऱ्याने खाल्ले! आमचे म्हणणे उलट आहे. पहिली चित्रे झाल्यावर 'आता मूळ आकड्यांचे काय काम' म्हणून कोणी ते पुसून टाकले असते तर? दळलेल्या पिठातून पुन्हा गहू निघत नाही. जुन्या रीतीची जुनी चित्रे तेवढी शिल्लक राहिली असती आणि दोन वर्षांचे आकाश वाया गेले असते. ही भीती काल्पनिक नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हाच्या दूरचित्रणाच्या मूळ चुंबकीय फिती अमेरिकेच्या नासाने पुष्कळ शोधल्या. आणि २००९ मध्ये त्या संस्थेला सांगावे लागले की, फितींच्या टंचाईच्या काळात त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आज आपण पाहतो ती दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झालेली, मूळच्या मानाने अस्पष्ट प्रत. ज्या राष्ट्राने चंद्र गाठला त्याला एक कपाट सांभाळता आले नाही, यावरून कपाट सांभाळणे किती अवघड आहे ते दिसावे.

मूळ आकडे ठेवले, पण ते दळताना कोणी काय केले हे लिहिले नाही, तर तोही अर्धाच कारभार. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. मोटारीचा एखादा भाग तुटला तर त्यावरच्या अंकावरून तो कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर, पोलादाच्या कोणत्या ओतातून झाला इथपर्यंत माग काढता येतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातून पेनिसिलीनची कुपी बाहेर पडे तेव्हा तिच्यावर बॅच नंबर असे, तो याचसाठी. शास्त्रीय नोंदीलाही असाच बॅच नंबर हवा. मूळ आकडे कोणते, ते कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीतून गेले, कोणते आकडे गोंगाट म्हणून वगळले, कोणी वगळले, हा सारा वंशवृक्ष आकड्याबरोबर चालला पाहिजे. तो माणसाने हाताने लिहावा म्हटले तर माणूस कंटाळतो. म्हणून संगणकच काम करता करता आपल्या प्रत्येक पावलाची टिपणी ठेवील, अशी व्यवस्था बसविणे हा या शाखेतील संशोधनाचा एक मोठा विषय आहे.

खगोलशास्त्रज्ञांनी या बाबतीत एक जुना धडा घालून दिला आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेली 'फिट्स' नावाची त्यांची एक ठरीव मांडणी आहे. तिच्यात प्रत्येक चित्राच्या डोक्यावर साध्या अक्षरांत लिहिलेली पट्टी असते. दुर्बीण कोणती, तारीख काय, आकाशाचा कोणता भाग, आकड्यांचे एकक कोणते, असे सर्व तिच्यात येते. या पट्टीची प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची. ऐंशीच का? तर त्या काळच्या भोके पाडलेल्या कार्डावर ऐंशी स्तंभ मावत! कार्डे केव्हाच इतिहासजमा झाली, ओळ मात्र ऐंशीचीच राहिली. कारण एकदा या मांडणीत लिहिलेले पुढेही वाचता आलेच पाहिजे असा दंडक त्यांनी स्वतःवर घालून घेतला. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजचा संगणक विनातक्रार वाचतो. रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांच्या प्रतिमा टिकाव्यात म्हणून हीच ताऱ्यांची मांडणी उचलली.

आता दार उघडण्याचा प्रश्न. येथे जिम ग्रे या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. बँकांचे व्यवहार संगणकात चोख कसे राहावेत या विषयावरील कामासाठी त्याला १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. पुढे तो खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाई यांच्याबरोबर आकाशाच्या दप्तराकडे वळला. खगोलशास्त्रज्ञांचे आकडे मला आवडतात, कारण त्यांची बाजारात काही किंमत नाही, असे तो विनोदाने म्हणे. बँकेचे आकडे कोणाला दाखविता येत नाहीत; ताऱ्यांचे खुशाल दाखवावेत. अमेरिकेत न्यू मेक्सिको येथील दुर्बिणीने स्लोन पाहणी या नावाने आकाशाची मोजदाद चालविली होती. तिचे दप्तर २००१ साली या दोघांनी इंटरनेटवर सर्वांस खुले केले.

ग्रेची काम करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. कपाटे किती, खण किती, याची चर्चा त्याने आधी केली नाही. त्याने खगोलशास्त्रज्ञांना सांगितले, की या आकड्यांना तुम्ही विचारू इच्छिता असे वीस प्रश्न मला लिहून द्या. त्या वीस प्रश्नांची उत्तरे चटकन निघतील अशी दप्तराची मांडणी त्याने केली. आपल्याकडे नवे कार्यालय उघडताना आधी फर्निचर येते आणि लोकांना काय हवे आहे हे शेवटी विचारतात. त्या मानाने हा क्रम आम्हास अनुकरणीय वाटतो. त्याचे दुसरे सूत्र असे, की आकड्यांचा ढीग फार मोठा झाला म्हणजे तो घरी वाहून आणू नये, आपला प्रश्नच ढिगाकडे पाठवावा आणि उत्तर तेवढे घरी आणावे. जानेवारी २००७ मध्ये हा माणूस आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोहून एकटा शिडाच्या बोटीतून समुद्रावर गेला आणि परतला नाही. त्याच्या मित्रांनी उपग्रहांकडून समुद्राची चित्रे मिळविली, ती इंटरनेटवरून हजारो स्वयंसेवकांत वाटली, आणि सर्वांनी मिळून इंच न् इंच पाणी तपासले. बोट सापडली नाही.

प्रश्न ढिगाकडे पाठवावयाचा म्हणजे काय करावयाचे? येथे 'वेब सर्व्हिस' हा शब्द येतो. नाव नवे वाटले तरी अनुभव आपल्या रोजच्या हातातला आहे. बाजारात भाजीच्या गाडीवर ठिपक्यांचा चौकोन लावलेला असतो. आपण फोन पुढे करतो आणि पैसे जातात. २०१६ पासून हे सुरू झाले. आपली बँक एक, भाजीवाल्याची दुसरी. दोन्ही बँकांचे संगणक आतून निरनिराळे, त्यांची दप्तरे निराळी, आणि एक दुसऱ्याला आपल्या तिजोरीत डोकावू देणार नाही. तरी व्यवहार क्षणात होतो. कारण प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावयाचा आणि उत्तर कोणत्या शब्दांत द्यावयाचे हे आधी ठरलेले आहे. रेल्वेच्या खिडकीवर ठरीव अर्ज भरून दिला की आत जावे लागत नाही, तसेच हे. फरक एवढाच, की येथे खिडकीच्या दोन्ही बाजूंस माणूस नसून यंत्र आहे. यंत्राने यंत्राला ठरीव रीतीने विचारावे आणि ठरीव रीतीने उत्तर घ्यावे, अशी जी इंटरनेटवरची खिडकी, ती वेब सर्व्हिस.

आकाशाच्या दप्तरांसाठी अशा खिडक्यांचे अर्ज ठरविणारे एक आंतरराष्ट्रीय मंडळ २००२ साली स्थापन झाले. त्यांचा सर्वांत साधा अर्ज तीन रकान्यांचा आहे. पृथ्वीवर अक्षांश-रेखांश असतात तसे आकाशातील स्थानाचे दोन आकडे, आणि त्या स्थानाभोवती किती अंतरापर्यंत पाहावयाचे तो तिसरा. उत्तरादाखल त्या वर्तुळातील सर्व ज्ञात वस्तूंची यादी येते. एवढेच! पण पुण्यातील एखाद्या विद्यार्थिनीने हे तीन आकडे लिहिलेला छोटासा प्रोग्राम तयार केला, की तो एकाच दमात जगातील वीस दप्तरांच्या खिडक्या ठोठावतो. एक दप्तर साध्या प्रकाशात काय दिसते ते सांगते, दुसरे क्ष-किरणांत, तिसरे खोडदच्या रेडिओलहरींत. तीन निरनिराळ्या दुर्बिणींनी निरनिराळ्या वर्षी पाहिलेली ती एकच वस्तू आहे हे तिला घरबसल्या ताडून पाहता येते. पूर्वी या कामास पत्रव्यवहार आणि प्रवास धरून महिने जात.

या उभारणीत पुण्याचा हात होता, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात उभ्या केलेल्या 'आयुका' या संस्थेने, अजित केंभावी यांच्या पुढाकाराने, पुण्याच्याच पर्सिस्टंट सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर 'आभासी वेधशाळा' नावाचा प्रकल्प हाती घेतला. निरनिराळ्या दप्तरांतून आलेल्या याद्या कोणत्या तक्त्यात लिहाव्या याची आंतरराष्ट्रीय रीत २००२ साली ठरली होती. तिच्यातील याद्या वाचून त्यांचे आलेख काढणारे साधन पुण्यात तयार झाले आणि देशोदेशीच्या खगोलशास्त्रज्ञांनी ते वापरले. ताऱ्यांचा अभ्यासक आणि बँकांसाठी प्रोग्राम लिहिणारा तरुण एका टेबलाशी बसले, ही गोष्ट आमच्या मते त्या साधनाइतकीच महत्त्वाची.

खोडदचे आकडे परदेशी गेले, तसे परदेशाचे आकडे पुण्यास आले काय? आले, आणि सत्कारणी लागले. जुलै २०१७ मध्ये आयुकाचे जॉयदीप बागची, पुण्याच्या आयसर संस्थेतील संशोधक शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या एका प्रचंड समूहाचा शोध जाहीर केला. पृथ्वीपासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, मीन राशीच्या दिशेस, आणि विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षांच्या घरात. त्याला त्यांनी 'सरस्वती' असे नाव दिले. हा समूह ज्या आकड्यांत दडला होता ते आकडे त्याच स्लोन पाहणीच्या खुल्या दप्तरातील. न्यू मेक्सिकोच्या दुर्बिणीने त्या दीर्घिका केव्हाच मोजून ठेवल्या होत्या आणि ते दप्तर जगातील हरएक खगोलशास्त्रज्ञापुढे उघडे होते. त्यांतील दीर्घिका एकमेकींशी निगडित आहेत, हे ओळखणारी नजर मात्र पुण्याची निघाली. मघाचा पीठ दुसऱ्याने खाल्ल्याचा आक्षेप ज्यांना अजून सुटला नसेल त्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या.

तरीही सर्व सुरळीत आहे असे आम्ही म्हणत नाही. दुर्बीण बांधणाऱ्याचे नाव होते, शोध लावणाऱ्याचे त्याहून होते. दप्तर लावणाऱ्याला सत्कार नाही की बढती नाही. शास्त्रीय प्रकल्पास पैसा मिळतो तो तीन-पाच वर्षांपुरता, आणि दप्तर सांभाळावयाचे असते पन्नास वर्षे. प्रकल्प संपला की संगणकाची देखभाल कोणी करावयाची, हा प्रश्न जगात सर्वत्र अर्धवट सुटलेला आहे. चुंबकीय फिती वाचणारी यंत्रे मोडीत निघतात, चकत्या जुन्या होतात, खिडकी उघडी दिसते पण आत उत्तर द्यायला कोणी नसते. यावर ज्ञात असलेला उपाय जुनाच आहे: प्रती पुष्कळ असाव्या, निरनिराळ्या ठिकाणी असाव्या, आणि वापरात असाव्या. इंद्रायणीच्या काठच्या लोकांना आम्ही हे काय सांगावे! श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. परंतु वह्या पाण्यात गेल्या तरी गाथा राहिली ती लोकांच्या ओठांवर होती म्हणून, असेही येथे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. कुलपातील एका प्रतीपेक्षा शंभर ठिकाणी वापरली जाणारी प्रत अधिक सुरक्षित असते.

आणि ढीग तर वाढतच आहे. दक्षिण अमेरिकेत चिली देशातील रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रे दाखविली. तिच्या एका रात्रीच्या कामाचे आकडे सुमारे वीस टेराबाइट भरतात. १२८ जीबीचे दीडशेहून अधिक मोबाइल फोन एका रात्रीत काठोकाठ भरावे इतके. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे 'एसकेए' या नावाने त्याहूनही मोठ्या रेडिओ दुर्बिणींची उभारणी चालू आहे. त्यांच्या दप्तरात वर्षाला सुमारे सातशे पेटाबाइटची भर पडेल असा अंदाज आहे, आणि एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. या प्रकल्पातील सहभागासाठी भारत सरकारने १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यातील भारताच्या कामाचे नेतृत्व पुण्याच्या त्याच रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे, आणि या आकड्यांसाठी एक प्रादेशिक दप्तर भारतात उभारण्याचीही योजना आहे. तेथे लागणारी माणसे केवळ खगोलशास्त्राची पदवी घेतलेली असून चालणार नाहीत. संगणक जाणणारी, नोंदीला खूण करण्याची शिस्त असलेली, कारखान्यातील स्टोअर किंवा तपासणी विभागात मुरलेल्या माणसासारखी चिकट माणसे लागतील. अशी माणसे आपल्या या पट्ट्यात घरोघर आहेत, म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटला.

ज्यांना या साऱ्या गोष्टी जेथून निघाल्या ते ठिकाण पाहावयाचे असेल, त्यांच्यासाठी खोडदची दुर्बीण दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, सर्वसामान्यांस खुली असते. पंचक्रोशीतील शाळांची मुले त्या वेळी आपापले प्रयोग मांडतात. नाशिक रस्त्याने नारायणगावास जावे, तेथून खोडदचा फाटा घ्यावा. आत शिरताना मोबाइल बंद करावा लागतो. त्याचा गोंगाटही आकड्यांत उतरतो.